आठव्या महिन्यातला कावळा

पाळी चुकून बारा दिवस झाले, तसे चंद्रिकेने बोटांवर पुन्हा दिवस मोजले. नातवासाठी घरचे देव पाण्यात घालून बसलेले. हिला मात्र घोर पडला तो पडवीचा. लोणावळ्याच्या त्या सोवळ्याच्या घरात कावळा शिवला की पडवीत बसायचं, आणि तेवढे तीन दिवस तिला कुणी हाक मारत नसे. विहीर नाही, चूल नाही, जातं नाही. दिवस राहिले म्हणजे नऊ महिने ते तीन दिवसही गेले!

तिने घोंगडी उचलली आणि पडवीत जाऊन बसली. "मला शिवू नका."

पुढच्या महिन्यात बसली, त्याच्या पुढच्याही. पोट दिसायला लागलं तरी बसली. मामंजींना शंका आली, पण खात्री कोण करणार? खोटं म्हणून तिच्या हातचं जेवायचं, आणि खरं निघालं तर? डोहाळजेवण करावं, तर सुनेला कावळा शिवलेला!

आठव्या महिन्यात घागरीएवढं पोट सावरत ती पुन्हा पडवीत टेकली, तेव्हा सासूबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. त्यांचं स्वतःचं बसणं मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली थांबलेलं, त्याला आता दहा वर्षं झाली होती. त्यांनी सुनेच्या पोटाकडे पाहिलं. मग वळून आतल्या धुमसत्या चुलीकडे पाहिलं.

"सरक जराशी," त्या म्हणाल्या, आणि आत तोंड करून ओरडल्या, "ऐकलंत का, तीन दिवस चूल तुम्हीच बघा. मलाही शिवलाय."