दोन हजार पाचची खूण

चौथ्या स्लाइडवर मुनव्वर अडला. पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘जुन्या पुराच्या पातळीवर विसंबू नका.’ पुण्याच्या प्रशिक्षणात हे वाक्य त्यानं वीस वेळा म्हटलं असेल. इथं, वारणाकाठच्या आपल्याच गावात, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये ते तोंडातून निघेना.

मागच्या खुर्चीत संयोगिता बसली होती. पूर, आग अशा संकटांसाठी गावांची आणि कारखान्यांची तयारी करून देणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीची ती अधिकारी. कंपनीला आता कोल्हापुरात पाय रोवायचा होता, आणि फ्रँचायझीसाठी आलेल्या अर्जांत मुनव्वरचा सगळ्यात चांगला होता. शहरात त्याचं आग विझवायच्या सिलिंडरचं दुकान होतं, ओळखी होत्या. आजचा कार्यक्रम म्हणजे त्याची शेवटची परीक्षा. गाव त्यानंच निवडलं होतं. का, ते तिला ठाऊक नव्हतं.

पहिल्या रांगेत सयाजीआबा बसले होते. हात गुडघ्यांवर, नजर पडद्यावर.

मुनव्वरनं रिमोट टेबलावर ठेवला.

“हे मी सांगण्यात अर्थ न्हाय,” तो म्हणाला. “एकोणीस साली ह्याच्या उलटं मीच सांगितलंतं.”

मग तो बोलत गेला, कुणाकडंही न बघता. तेव्हा त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान गावातच होतं. धरणातून किती पाणी सोडलं ते तो फोनवर विचारायचा आणि पंचायतीच्या भोंग्यावरून सांगायचा. लोक त्याच्या शब्दावर चालायचे. त्या दुपारी तलाठी गाव सोडा म्हणून सांगत फिरत होते, आणि यानं भोंग्यावरून सांगितलं, पाणी दोन हजार पाचच्या पुराच्या खुणेच्या वर जायचं नाही, घाई करू नका. ती खूण आबांच्याच घराच्या भिंतीवर होती, उंबऱ्यापासून हातभर उंच. आबांनी ट्रॉलीत चढवलेली ट्रंक परत खाली घेतली. पहाटे पाणी खुणेच्या वर गेलं आणि मातीची भिंत आत कोसळली. आबांच्या पत्नी, तानाबाई, तिच्याखाली सापडून गेल्या.

“मला काय म्हाईत नव्हतं,” मुनव्वर म्हणाला. “सकाळपास्नं फोनच लागत नव्हता. समदी विचारत हुती, म्हणून कायतरी सांगितलं.”

पूर ओसरल्यावर महिन्याभरातच तो शहरात निघून गेला होता. आबांच्या दारात सांत्वनाला बसायलाही गेला नव्हता. ते मात्र त्यानं सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतंच.

मग आबांनी घसा साफ केला.

“मला बी जायाचं नव्हतं,” ते म्हणाले. “तू बोल्लास ते मला पायजेच हुतं. ती म्हणत हुती जाऊया म्हणून. भोंगा ऐक म्हणलं, आणि गप बसवली तिला.”

सरपंचांनी चहा सांगितला.

चहाच्या वेळी संयोगितानं मुनव्वरला बाजूला घेतलं. तिचे डोळे भरून आले होते. तरी जे सांगायचं ते तिनं सांगितलंच. फ्रँचायझीसाठी ती त्याचं नाव पुढं पाठवणार होती. पण साखर कारखान्यात, दवाखान्यात हे बोलू नका, ती म्हणाली. आपण चुकलो असं सांगणाऱ्याला सल्ल्यासाठी कुणी बोलावत नाही. मुनव्वरच्या हातातला चहा तसाच निवला.

नंतर त्यानं उरलेल्या स्लाइड भराभर दाखवल्या आणि फॉर्म काढले. प्रत्येक घरानं एक भरून द्यायचा होता, पाणी वाढलं तर कुणाला आधी हलवायचं याचा. लोक रांगेत उभे राहिले. आबा सगळ्यात पुढं होते.

मुनव्वरनं त्यांचं नाव न विचारता लिहिलं. गल्ली लिहिली. पुढचा रकाना त्यानं सवयीनं वाचला.

“घरात माणसं किती?”

विचारून गेल्यावर त्याचं पेन थांबलं. मान वर करायचा त्याला धीर होईना.

“लिही की,” आबा हळू आवाजात म्हणाले. “एक माणूस, दोन म्हशी. आदी म्हशी न्या.”