मास्तरांचा दुसरा गाल

दादांनी वस्तरा पुसला, मास्तरांच्या गळ्याभोवतीचं फडकं सोडलं आणि म्हणाले, "झालं. बघा, कसं वाटतंय?"

आरशात मास्तरांचा उजवा गाल गुळगुळीत. डावा साबणाने पांढराफटक.

वहिनी बाकावर बसल्या होत्या. शेजारी जावई होता. नवऱ्याचं हे दाढी-कटिंगचं दुकान आज चार महिन्यांनी उघडलं होतं, ते एका दाढीपुरतं. दाढी धड झाली तर दुकान राहणार, नाहीतर जावयाने आणलेल्या मोबाइलवाल्याला जाणार, असं ठरलं होतं.

दादांना झटका आला तो मेंदूच्या उजव्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, वाचा शाबूत आहे, हात सुधारतोय, पण डावीकडेही जग आहे हे ते विसरतील. तसंच झालं. अर्धं ताट भरलेलं ठेवून दादा वर तक्रार करायचे की आज कमी वाढलंस. वहिनी वाद घालायच्या नाहीत, नुसतं ताट फिरवायच्या. गप्पांना आलेले मास्तर समोर बसून हे बघायचे. गप्पा अर्थात दादांच्याच. मास्तरांना झटका आला होता मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा पाय लुळा पडला, बोलणं गेलं. जन्मभर पोरांना चूक, चूक म्हणणाऱ्या माणसाकडे एकच शब्द उरला होता.

"बरोबर," मास्तर म्हणाले.

जावयाने वहिनींकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

तेवढ्यात मास्तरांनी धडधाकट डावा पाय जमिनीला टेकवला आणि खुर्ची गर्रकन फिरवली. पाठ आरशाला, तोंड दादांकडे.

"हलता कशाला मास्तर?" दादा वैतागले. "अजून एक गाल राहिलाय. एवढी कसली घाई?"

वस्तऱ्याच्या चार हातांत तोही गाल साफ झाला. कुठे साधं खरचटलंसुद्धा नाही.

जावई उठला. मास्तरांच्या कानाशी वाकून अगदी गोड आवाजात म्हणाला, "खरं सांगा मास्तर, दुकान आता देऊन टाकलेलंच बरं, नाही का?"



मास्तरांनी तोंड उघडलं. जावयाकडे पाहिलं. तोंड घट्ट मिटलं. मग डाव्या हाताने फडकं पुन्हा गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि मानेवर वाढलेल्या केसांकडे बोट दाखवलं.

वहिनी उठल्या. त्यांनी कात्री आणून दादांच्या उजव्या बाजूला ठेवली.