चार वाजताचा चहा

सुरतला कापडाचा मोठा धंदा असलेल्या खान्देशी घरातून दामिनीला स्थळ आलं, तसं हेमकांतनी मुलीला शहाद्यातल्या प्रतिभा मॅडमच्या क्लासला घातलं. मोठ्या घरात चहा कसा घ्यायचा, ते तिथे शिकवायचे. चमचा कपाला लागू द्यायचा नाही, बिस्कीट बुडवायचं नाही, घोट घेताना आवाज करायचा नाही.

दामिनीला लग्नच नको होतं. नाशिकला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. ती रडली, दोन दिवस जेवली नाही. शेवटी वैतागून हेमकांत म्हणाले, "त्या लोके नही म्हनतीन, तं जाय तू नाशिकले."

पाहुणे आले. दामिनी बाहेर आली ती सरळ सोफ्यावर मांडी घालून बसली. तिने चहा बशीत ओतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा भुरका मारला. मग बिस्कीट बुडवलं. त्याचा तुकडा चहात पडला, तो बोटाने काढून खाल्ला.

हेमकांतचा चेहरा पडला. खाली मान घालून बसलेली दामिनी मनाने केव्हाच नाशिकच्या एसटीत बसली होती.



मुलाच्या आईने आपलाही चहा बशीत ओतला आणि ती मोकळेपणी हसली, "हाई पोर ते आपलीच शे! साखरपुडा आजच उरकी टाकूत."