आठवा सायलेन्सर

जुन्या मालिकेतल्या हिरोची ती काळी गाडी गॅरेजवाल्याने सहा वर्षं खपून हुबेहूब उभी केली, पण तिचा आवाज काही केल्या जमेना. सात सायलेन्सर बदलून झाले, तरी जिवाला चैन नाही. जेवतानाही हातातला घास तसाच ठेवून तो मालिका ऐकत बसायचा.

"अहो, उद्यापासून गाडीतच जेवायला बसा!" बायको करवादायची.

शेवटी त्या मालिकेच्या सेटवर काम केलेले एक आजोबा सापडले. त्यांना खुर्ची देऊन त्याने गाडी सुरू केली. "आजोबा, कुठे चुकतंय? इंजिन कुठलं होतं तिला?"

"इंजिन कसलं, बाबा! चौघंजण मागून ढकलायचे." आजोबा बोळकं पसरून हसले.

"आणि आवाज मी तोंडाने काढायचो. दात पडल्यापासून मलाही जमत नाही."