विरजणाची वाटी

फ्रीज पुन्हा बंद पडला म्हणून ऑफिसला दांडी मारून मी मेकॅनिकची वाट बघत बसले होते. दूध नासलेलं, विरजणावर बुरशी. वैतागून ती वाटी सिंकमध्ये टाकली, तेवढ्यात माझ्या मैत्रिणीचा, शाल्मलीचा व्हिडिओ कॉल आला. चार दिवसांनी!

तिकडे तिच्या शहरावर बॉम्ब पडत होते. ती कुठल्याशा तळघरात होती, अंगावर दोन स्वेटर.

"घरातून निघताना काय घेतलंस गं?"

"पासपोर्ट. आणि तुझं विरजण."

सहा वर्षांपूर्वी ती परदेशी निघाली, तेव्हा मीच डबीत घालून दिलं होतं.

"इथे पावडरचं दूध मिळतं. पण या थंडीत दही लागत नाही, म्हणून भांडं स्वेटरच्या आत पोटाशी घेऊन झोपते. सकाळी बावीस जणांना चमचा-चमचा देते. पुन्हा लावायला एक चमचा मात्र कुणाला देत नाही हं!" ती हसली. "तुझं काय चाललंय?"

फ्रीजबद्दल बोलायला जीभ रेटेना.

"शालू," मी म्हटलं, "तो चमचा घेऊन इकडे ये. माझं विरजण गेलं."