पाचवा ईस्टर

एअर फ्रायर थांबला. मुग्धाने श्वास रोखून फॉइल उलगडलं. दोन तास झाकून भाजलेलं पोर्क काटा लावताच रेषारेषांनी सुटलं. पुण्याला माहेरी अंड्यालाही न शिवलेली ती आल्विनसाठी हे शिकली होती. वसईच्या सासूने ‘हिंदू सून नको’ म्हणून दार लावलं, त्यानंतरचा हा पाचवा ईस्टर.

“अगं, जमलं की तुला!” आल्विन म्हणाला.

चार वर्षांची इरा मात्र ताटात शोधत राहिली. “यात बटाटा कुठाय? आजी घालते.”

“पुण्याची आजी पोर्क नाही करत, सोन्या,” मुग्धा म्हणाली.

“ती नाही! डॅडा रविवारी नेतो ती...” इराने पटकन तोंडावर हात ठेवला आणि बापाकडे पाहिलं.

रविवारी दोघं बागेत जातात असं समजून मुग्धा टोपी, पाणी, जादा कपडे भरून द्यायची.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“नाताळपासून. आई म्हणाली, पोरीला आण, बायकोला नको. तुला लागलं असतं गं, म्हणून बोललो नाही.”

मुग्धाने इराचा हात अलगद खाली घेतला, घास मऊ आहे ना ते चाचपून तिला भरवला.

“आणि तू ‘बरं’ म्हणालास.”