माझ्यासमक्ष

अकरा आठवड्यांच्या अकरा सह्या, आणि एकही दुसरीला ओळख देत नव्हती.

प्रोबेशन अधिकारी बाईंनी हजेरीचं कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवलं. कार्डाचा नियम साधा होता. मुलगी आठवडाभर संध्याकाळी सातच्या आत घरी आली, की रविवारी आईनं सही करायची. कार्डाशेजारी त्यांनी हमीपत्र उघडलं. 'माझी मुलगी यापुढे कोणाचीही खोटी सही करणार नाही, याची मी हमी देते.' खाली आईची सही. ठसठशीत, वळणदार, शेवटच्या अक्षराखाली ऐटीत ओढलेली रेघ. कार्डावरच्या सह्या म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. दुसऱ्या आठवड्यात काना गायब, पाचव्यात वेलांटी भलत्याच बाजूला, नवव्यात अख्खं नाव रेघ सोडून उताराला लागलेलं.

मुलगी समोर उभी होती. वय सोळा. ऑफिसात तिला सगळे 'सहीवाली' म्हणत. मुख्याध्यापिकेच्या खोट्या सहीचे चाळीस दाखले तिनं शाळाभर वाटले होते. कोर्टात ते खऱ्या दाखल्यांत मिसळून मुख्याध्यापिकेला दाखवले, तेव्हा त्यांनी मुलीच्या तीन सह्या स्वतःच्या म्हणून ओळखल्या आणि स्वतःची एक खोटी ठरवली. न्यायाधीशांना मध्येच पाणी प्यावं लागलं होतं.

अहवाल चार वाजता कोर्टात जायचा होता. बाई म्हणतील ती पूर्व दिशा, हे तिथे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. बावीस वर्षांत त्यांच्या एकाही अहवालात खाडाखोड नव्हती. आजचाही लिहून तयार होता. 'मुलीने फसवणूक केली आहे. तिला सुधारगृहात पाठवावे.' फक्त सही राहिली होती.

"आईच्या सह्या तू केल्यास," बाई म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलंच.

"मी केल्या असत्या तर जुळल्या असत्या," मुलगी म्हणाली. आरोपापेक्षा सह्यांचा दर्जाच तिच्या मनाला जास्त लागलेला दिसत होता.

बाईंना ते पटलं, आणि पटल्याचा राग आला. त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या आईला आत बोलावलं. आई लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

"इथे सही करा. माझ्यासमोर."

आईनं बाही वर सारली आणि पेन मुठीत धरलं. मुलीनं वाकून ते तिच्या बोटांत नीट बसवलं आणि मागे सरकली. आईनं पहिलं अक्षर काढलं आणि दम घेतला. मग दुसरं. जिभेचं टोक दातांत होतं. काना राहिला की काय, हे तिनं मध्येच एकदा बोट ठेवून तपासलं. सहीला चार मिनिटं लागली, बाईंनी घड्याळ लावून मोजली. सही कार्डावरच्यांची सख्खी बहीण होती.

मुलीला भेटणाऱ्या समुपदेशकांच्या कागदावर दर आठवड्याला एकच नोंद असायची. 'आईसोबत रोज अर्धा तास अभ्यास.' अभ्यास मुलीचा, असं धरून बाईंनी त्या नोंदीपुढे अकरा वेळा बरोबरची खूण केली होती. शिकत मात्र होती आई.

"मग ही कोणाची?" त्यांनी हमीपत्रावरच्या ऐटबाज सहीवर बोट ठेवलं.

आई जमिनीकडे बघत राहिली. "त्या दिवशी चारचौघांत अंगठा द्यायची लाज वाटली हो, बाई. मीच हिला म्हटलं, तूच कर."

म्हणजे खोटी सही करणार नाही, या हमीवरच खोटी सही. तीही कोर्टानं सोडल्यावर दहाव्या मिनिटाला. बाईंना हसू आलं. कार्ड खरं निघालं होतं, पण हमीपत्र खोटं. मुलगी सुधारगृहात जाणारच होती, फक्त त्याचं कारण बदललं होतं. आणि आता त्यांना ती जायला नको होती.

"एक खोटी सही पुरते," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. "मला लिहावंच लागेल."

"लिहा ना," मुलगी म्हणाली. "पण आईच्या सहीखाली अजून एक ओळ आहे. तीपण वाचा."

चोराच्या उलट्या बोंबा, असं बाईंच्या मनात आलं. ती ओळ त्यांना वाचायची गरज नव्हती. ती पाठ होती. 'वरील सही माझ्यासमक्ष झाली.' खाली त्यांची स्वतःची सही होती. मग त्यांना तो दिवस आठवला. व्हरांड्यात गर्दी होती. टेबलावर चहा आला होता. 'सह्या करून आणा,' म्हणून त्यांनी कागद बाहेर पाठवले होते, आणि परत आल्यावर मान वर न करता एकामागून एक उरकले होते.

"ती सही मी केलेली नाही, मॅडम," मुलगी म्हणाली.

शिपाई चहा घेऊन आला. बाईंनी त्याला हातानंच परत पाठवलं.

त्यांनी अहवाल पुढे ओढला. 'मुलीने' या शब्दापुढे काकपदाची खूण केली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'व मी'. सुधारगृहाच्या ओळीवर काट मारली. तिच्याखाली लिहिलं, 'नवीन हमीपत्र सोबत जोडले आहे. मुलीला आईकडेच ठेवावे.' पान दिसायला अगदीच घाण झालं.

मग त्यांनी खणातून कोरं हमीपत्र काढलं, आईपुढे ठेवलं आणि खुर्ची तिच्या बाजूला वळवून बसल्या.

"करा," त्या म्हणाल्या. "मी बघतेय."